दोन खिडक्या आणि एक गळती

१ मे १९५६ या दिवशी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जॉन शे या एकतीस वर्षांच्या कानाच्या डॉक्टरांनी ५४ वर्षांच्या एका गृहिणीच्या कानातली रिकीब पूर्ण काढून टाकली. रिकीब म्हणजे शरीरातलं सर्वांत लहान हाड. उंची जेमतेम तीन मिलिमीटर, वजन तीन-चार मिलिग्रॅम. ओटोस्क्लेरोसिस या आजारात ही रिकीब बाजूच्या हाडाला घट्ट चिकटते, तिची हालचाल थांबते आणि माणूस हळूहळू बहिरा होतो. शे यांनी तिथे हाताच्या मागच्या बाजूच्या शिरेचा एक तुकडा झाकण म्हणून बसवला आणि त्यावर टेफ्लॉनची बनवलेली नवी रिकीब ठेवली. हॅरी ट्रीस यांनी ती मूळ हाडाबरहुकूम घडवून दिली होती. बाईंना ऐकू येऊ लागलं.

रिकीब काढली की जे उघडं पडतं, त्याची वैद्यकाला फार जुनी धास्ती होती. रिकिबीचा तळ अंतर्कर्णाच्या अंडाकृती खिडकीत बसलेला असतो आणि त्या खिडकीपलीकडे पाणी असतं. हे पाणी, म्हणजे पेरिलिम्फ, सगळं मिळून दोन-तीन थेंबांच्या वर भरत नाही. पण ऐकणं आणि तोल सांभाळणं ही दोन्ही कामं त्याच्याच भरवशावर चालतात. शे यांच्या शस्त्रक्रियेने लाखो लोकांना आवाज परत मिळाला. त्याच शस्त्रक्रियेमुळे कानातलं पाणी गळतं म्हणजे नेमकं काय होतं, हेही डॉक्टरांना पहिल्यांदा नीट कळलं. पुढची चाळीस वर्षं या गळतीवरून कानाच्या डॉक्टरांमध्ये जो वाद झाला, त्याची सुरुवात इथे आहे.

कानाच्या आत पाणी असतं, हेच मुळात उशिरा कळलं. ॲरिस्टॉटलच्या काळापासून समजूत अशी की अंतर्कर्णात एक प्रकारची जन्मजात हवा कोंडलेली असते आणि तिच्यामुळे आवाज उमटतो. १७६१ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या पंचविशीतल्या शरीरशास्त्रज्ञाने कानाच्या आतल्या जलवाहिन्यांवर लॅटिनमध्ये एक प्रबंध छापला. मृत शरीरांतल्या ताज्या कानशिलाच्या हाडात आतल्या पोकळ्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या असतात, हवेला तिथे जागाच नसते, हे त्याने दाखवून दिलं. आतून मेंदूच्या आवरणांकडे जाणारी एक बारीक वाट असते, तिचंही वर्णन त्याने केलं. दोनशे वर्षांनी हीच वाट एका मोठ्या तर्काचा आधार होणार होती.

पाणी दाबलं तरी आकसत नाही. म्हणून रिकीब जेव्हा अंडाकृती खिडकीतून आत ढकलते, तेव्हा त्या ढकललेल्या पाण्याला कुठेतरी सरकायला जागा लागते. ती जागा म्हणजे दुसरी, गोल खिडकी. तिच्यावर हाड नसतं, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ असा पडदा असतो. एका खिडकीतून ढकललं की दुसरीचा पडदा फुगतो. या दोहोंखेरीज कुठेही भोक पडलं तर हा सगळा हिशेब बिघडतो. ऐकू कमी येतं, किंवा जोरात शिंकलं, खोकलं, जड वस्तू उचलली की जग गरगर फिरतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही सर्जनांनी रिकीब हलवायचे, काढायचेही प्रयत्न केले. जर्मनभाषक जगात योहानेस केसेल हे त्यातलं ठळक नाव. पण प्रतिजैविकं नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता, आणि उघड्या खिडकीतून जंतू आत शिरले तर मेंदूज्वर ठरलेला. १९०० च्या सुमारास त्या काळच्या बड्या कर्णतज्ज्ञांनी रिकिबीवरची शस्त्रक्रिया धोक्याची आणि निरुपयोगी ठरवून टाकली. तो दरवाजा पन्नास वर्षं बंद राहिला. मधल्या काळात स्टॉकहोमचे गुन्नार होल्मग्रेन, फ्रान्सचे मॉरिस सूर्दीय आणि न्यूयॉर्कचे ज्युलियस लेम्पर्ट यांनी रिकिबीला हात न लावता अंतर्कर्णातल्या, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत नवी खिडकी पाडायचं तंत्र विकसित केलं. लेम्पर्ट यांनी १९३८ मध्ये ते एकाच टप्प्यात करून दाखवलं.

स्टॉकहोमचा आणखी एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक वापरायची सुरुवात कानापासूनच झाली. १९२१ मध्ये कार्ल-ओलोफ न्यूलेन या होल्मग्रेनच्या सहकाऱ्याने एका डोळ्याने बघायचा छोटा सूक्ष्मदर्शक ऑपरेशनसाठी तयार केला. हे गृहस्थ ऑलिम्पिक खेळलेले टेनिसपटूही होते. त्यांनी तो सुरुवातीला ज्या रुग्णांवर वापरला, त्यांना जुनाट कान फुटण्याच्या आजारातून अंतर्कर्णाला भोक पडलेलं होतं. पुढे डोळ्यांचे, मेंदूचे, रक्तवाहिन्यांचे सर्जन ज्या यंत्राशिवाय हात धुवायलाही जाईनात, ते यंत्र आधी कानातलं भोक शोधायला जन्माला आलं. वैद्यकाच्या इतिहासात हे मला फार मोलाचं वाटतं.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल रोझेन यांनी एका रुग्णाची रिकीब घट्ट आहे का हे तपासताना ती किंचित दाबली. ती सुटली आणि टेबलावरच्या त्या रुग्णाला तिथल्या तिथे ऐकू येऊ लागलं. पन्नास वर्षांची बंदी अशी उठली. पण हलवलेली रिकीब बहुतेकदा पुन्हा चिकटायची. मग चार वर्षांनी शे यांनी ती काढूनच टाकली.

त्यानंतरच्या दशकात या शस्त्रक्रियेची लाट आली. वर्षानुवर्षं साचलेले ओटोस्क्लेरोसिसचे रुग्ण एकदमच दवाखान्यांत येऊ लागले. आणि मग त्यांतले काही परत येऊ लागले. शस्त्रक्रियेनंतर छान ऐकू येत होतं, पण काही आठवड्यांनी, कुणाला काही वर्षांनी, ऐकणं कमी-जास्त होऊ लागलं. चालताना तोल जातो, संडासला जोर केला की भोवळ येते, कानात भरल्यासारखं वाटतं, अशा तक्रारी. पुन्हा कान उघडला की कृत्रिम रिकिबीच्या पायाशी स्वच्छ पाणी झिरपताना दिसायचं. कधी रिकीब म्हणून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या नळीच्या टोकाने झाकण टोचलेलं असायचं, कधी जेलफोम नावाच्या विरघळणाऱ्या स्पंजावर आलेली साय फारच पातळ राहिलेली असायची. उपाय सरळ होता: जुनी नळी काढायची, खिडकीच्या काठावरची आंतरत्वचा खरवडून हाड उघडं करायचं म्हणजे नवं झाकण धरेल, त्यावर शिरेचा किंवा स्नायूवरच्या पातळ पापुद्र्याचा तुकडा बसवायचा आणि त्यावर नवी रिकीब ठेवायची. पुढे सगळा तळ काढण्याऐवजी त्यात एक बारीकसं भोक पाडायची पद्धत आली आणि अशा गळत्या खूप कमी झाल्या.

ही गळती कुणी नाकारली नाही. ती सर्जनच्या हातून झालेली होती, जागा ठाऊक होती, पाणी डोळ्यांना दिसत होतं.

पण ज्याच्या कानावर कुणी सुरी लावलेली नाही, त्याचंही पाणी गळू शकतं का? १९६८ मध्ये जी. ए. फी यांनी डोक्याला मार बसल्यावर झालेल्या गळत्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्याच वर्षी स्टॅनफर्डचे ब्लेअर सिमन्स यांनी असा सिद्धांत मांडला की अचानक येणाऱ्या बहिरेपणामागे बऱ्याचदा अंतर्कर्णातले पडदे फाटणं हे कारण असावं. त्यांच्या काही रुग्णांना ऐकू येणं बंद होण्याच्या क्षणी कानात काहीतरी ‘फट्’ झाल्याचं जाणवलं होतं. १९७० मध्ये स्ट्राउड आणि कॅल्काटेरा यांनी तर कसल्याही इजेशिवाय आपोआप झालेल्या गळतीचे रुग्ण मांडले.

या सगळ्याला बांधीव रूप दिलं लॉस एंजेलिसच्या व्हिक्टर गुडहिल यांनी, १९७१ मध्ये. त्यांच्या मते खिडकी दोन तऱ्हांनी फुटते. माणूस ताकद लावतो, खोकतो, तेव्हा मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढतो. तो कोतुन्योने वर्णिलेल्या त्या बारीक वाटेने अंतर्कर्णात उतरतो आणि खिडकी आतून बाहेर फुटते. नाहीतर नाक चिमटीत धरून जोरात फुंकलं की घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीतून हवा मध्यकर्णात घुसते आणि खिडकी बाहेरून आत फाटते. पहिला स्फोट, दुसरा अंतःस्फोट. हे स्पष्टीकरण इतकं सुबक होतं की ते एकदा वाचलेल्या डॉक्टरला विसरता येत नसे. त्याच्या बळाचं कारण हेच होतं, आणि पुढच्या गोंधळाचंही.

पाणबुड्यांच्या बाबतीत ते फार लवकर पटलं. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. म्हणजे दाबाचं प्रमाण सर्वांत झपाट्याने बदलतं ते खोल पाण्यात नव्हे, पृष्ठभागाजवळच्या पहिल्या काही मीटरांत. सर्दीने नाक चोंदलेला माणूस कान मोकळे करायला तिथेच जीव खाऊन फुंकतो, आणि वर येतो तो गरगरत, एका कानाने बहिरा होऊन. मायामीचे फ्रेड पुलेन यांनी १९७२ मध्ये गोल खिडकीचा पडदा फाटल्याने येणाऱ्या अचानक बहिरेपणाबद्दल लिहिलं. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातून कार्ल एडमंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणबुड्यांच्या अशा फाटलेल्या खिडक्यांची हकिकत मांडली. इथे घटनेची वेळ ठाऊक होती, कारण ठाऊक होतं, आणि कान उघडल्यावर पडद्यातली फट दिसत होती.

गळती बंद करायची शस्त्रक्रिया दिसायला साधी. रुग्ण अनेकदा जागाच असतो, कानाला सुई देऊन बधिर केलेलं असतं. कानाच्या नळीतच आत एक छोटी चीर देऊन कानाचा पडदा मुळापासून अलगद उचलतात आणि पुढे दुमडतात. सूक्ष्मदर्शकाखाली रिकीब दिसते, तिच्या खालच्या अंगाला गोल खिडकीचा कोनाडा दिसतो. खुद्द खिडकीचा पडदा मात्र सहसा दिसत नाही. त्याच्यावर हाडाची पडवी आलेली असते, आणि बऱ्याचदा आंतरत्वचेची एक खोटी घडी पुढे आडवी असते. कोनाड्यात ओलावा असतो. सर्जन बारीक शोषनळीने तो टिपून घेतो आणि थांबतो. टेबलाचं डोकं खाली करतात, रुग्णाला श्वास कोंडून जोर करायला सांगतात, मानेवरच्या शिरेवर दाब देतात. दिव्याच्या उजेडात तिथे पुन्हा काही चकाकतं का, हे बघत राहायचं. चकाकलं. पण ते काय आहे? अंतर्कर्णातलं पाणी आहे, की बधिर करायला दिलेल्या औषधाचा ओघळ आहे, की जखमेतून पाझरलेला द्रव? एका थेंबाचाही दहावा-विसावा भाग. रंग नाही, वास नाही, तपासायला प्रयोगशाळेत काही पाठवावं एवढं हाती लागत नाही. निकाल सर्जनचा डोळा देणार.

आणि डोळ्याने काहीही सांगितलं तरी पुढची कृती बहुतेक जागी एकच होती. दोन्ही खिडक्यांभोवतीची आंतरत्वचा खरवडायची आणि कानाच्या पुढच्या कूर्चेवरचा पापुद्रा किंवा कानशिलाच्या स्नायूवरचं आवरण तिथे थापून बसवायचं. आधी कानाच्या पाळीतली चरबी वापरत, पण ती टिकत नाही असं अनुभवाला आलं. नंतर काही दिवस उशी उंच करून पडून राहायचं, नाक शिंकरायचं नाही, ओझं उचलायचं नाही, कुंथायला लागू नये म्हणून पोट साफ ठेवायचं औषध. रुग्णाला बरं वाटलं, तर गळती होती हे सिद्ध. नाही वाटलं, तर ठिगळ सुटलं असावं, पुन्हा उघडून बघू. तपासणी आणि उपचार एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या हातून. यात कुणाची लबाडी नव्हती. पण अशा पद्धतीत चूक झाली तर ती उघडी पडायला वाटच नव्हती.

सिमन्स यांनी इथे जे केलं त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. १९७७ मध्ये मॅटॉक्स यांच्यासोबत त्यांनी अचानक बहिरेपण आलेल्या रुग्णांचं पुढे काय होतं हे नोंदवलं. त्यांच्या रुग्णांतल्या सुमारे ६५ टक्के लोकांचं ऐकणं आपोआपच कामचलाऊ पातळीला परत आलं होतं. म्हणजे ठिगळ लावल्यावर बरं झालेल्यातले कितीजण ठिगळाशिवायही बरे झाले असते, हा प्रश्न पडदे फाटण्याचा सिद्धांत मांडणाऱ्याच्याच आकड्यांतून उभा राहिला.

गळती शोधायची लाट मात्र ओसरली नाही. १९७८ मध्ये पिट्सबर्गच्या ग्रंडफास्ट आणि ब्लूस्टोन यांनी मुलांच्या कमी-जास्त होणाऱ्या बहिरेपणामागे ही गळती असू शकते असं दाखवलं, आणि लहान मुलांचे कान उघडून बघितले जाऊ लागले. १९८९ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या ओवेन ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी डोक्याला हलका मार लागल्यानंतरच्या लक्षणांचा एक सबंध समुच्चयच या गळतीच्या नावावर मांडला: भोवळ, डोकेदुखी, लक्ष न लागणं, गर्दीत गोंधळून जाणं. मोटार अपघातातून आलेली, तपासण्या नॉर्मल म्हणून घरी पाठवलेली माणसं होती ही. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे ऐकून थकलेली. त्यांना आपल्या त्रासाचं नाव मिळालं, आणि एक शस्त्रक्रियाही. ते त्या नावाला घट्ट धरून राहिले, याचं नवल वाटायला नको. चक्कर फोटोत दिसत नाही, रक्तात सापडत नाही. ज्याला ती येते तो एकटाच ती जाणतो.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या कान-नाक-घसा विषयातल्या एका प्रमुख नियतकालिकात एक लेख आला. आपोआप होणारी पेरिलिम्फची गळती हे एक मिथक आहे, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं. लेखक होते जॉन शे. छत्तीस वर्षांपूर्वी मेम्फिसमध्ये ती रिकीब काढणारे. हजारो कानांच्या उघड्या खिडक्या ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या, त्यांनीच सांगितलं की इजेशिवाय, शस्त्रक्रियेशिवाय फुटलेली खिडकी ही बहुधा बघणाऱ्याची समजूत असते. त्याच वर्षी हार्व्हर्डचे हॅरल्ड शुक्नेक्ट यांनीही कानाच्या विद्येतल्या अशा दंतकथांवर कोरडे ओढले. कानशिलाच्या हाडांचे हजारो काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेला हा माणूस. याच सुमारास बारीक दुर्बिणी मध्यकर्णात घालून बघायची सोय झाली, आणि सुईने दिलेलं औषधच गोल खिडकीच्या कोनाड्यात साचून गळतीसारखं दिसतं हेही लक्षात आलं.

गळतीवर विश्वास ठेवणारे गप्प बसले नाहीत. रॉबर्ट कोहट यांच्यासारख्यांनी कानशिलाच्या हाडातल्या सूक्ष्म फटींचे पुरावे मांडले. परिषदांमध्ये एक बाजू म्हणे तुम्ही बघत नाही म्हणून तुम्हाला दिसत नाही, दुसरी म्हणे तुम्हाला बघायचंच आहे म्हणून दिसतं. माझं मत शे यांच्याकडे झुकतं. पण ज्यांना शस्त्रक्रियेनंतर खरोखर उभं राहता येऊ लागलं, त्यांना भ्रमिष्ट म्हणायला मी तयार नाही, आणि पुढच्या घटनांनी ते बरंच झालं असं दाखवलं.

त्या आधी एक जुना धागा. बेल्जियमचे हेनेबेर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक विचित्र खूण नोंदवली होती: कानाच्या नळीत हवेचा दाब दिला की पडदा शाबूत असूनही काही रुग्णांची बुबुळं सरकतात. १९२९ मध्ये बोलोन्याच्या पिएत्रो तुल्लियो यांनी कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिकांना भोकं पाडून दाखवलं की मग मोठा आवाज झाला तरी पक्षी डोकं झटकतो, तोल हरवतो. गळतीच्या काळात या दोन्ही खुणा गळतीचा पुरावा म्हणून वापरल्या जात होत्या.

१९९८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांची हकिकत छापली. आवाजाने किंवा दाबाने गरगरणारी माणसं. मायनर यांनी त्यांचे डोळे नेमके कोणत्या दिशेला सरकतात हे बघितलं. ती दिशा वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेच्या पातळीशी जुळत होती. बारीक कापांचा सीटी स्कॅन केला, आणि त्या नलिकेच्या छताला, मेंदूला टेकलेल्या बाजूला, हाडच नसल्याचं दिसलं. तिसरी खिडकी. पाणी बाहेर सांडत नव्हतं, पण दाबाला तिसरी वाट मिळत होती. अशा काही रुग्णांना स्वतःच्या पावलांचा आवाज, नाडीचा ठोका, अगदी डोळे फिरवल्याचा आवाजही कानात ऐकू येतो. ही गोष्ट डॉक्टरला सांगायला किती धीर लागत असेल! कौलारू घरात पाणी जिथे ठिबकतं तिथे कौल फुटलेलं नसतं, फुटलेलं असतं भलत्याच जागी. अशा रुग्णांपैकी काहींच्या खिडक्यांना आधी ठिगळ लावलेलं होतं. आता कवटीतून किंवा कानामागच्या हाडातून जाऊन ती नलिकाच बुजवायची शस्त्रक्रिया रूढ झाली.

आणखी एका ठिकाणी गळतीबद्दल कधीच दुमत नव्हतं. १७९१ मध्ये बोलोन्याच्या कार्लो मोंदिनी यांनी जन्मतः बहिऱ्या असलेल्या आठ वर्षांच्या एका मुलाच्या कानाचं वर्णन केलं होतं. गाडीखाली पाय सापडून तो वारला होता. त्याच्या कानातल्या शंखिकेचे, म्हणजे ऐकण्याच्या अवयवाचे, वेढे अर्धवटच झालेले होते. असा अपुरा घडलेला अंतर्कर्ण असलेल्या काही मुलांच्या रिकिबीच्या तळाला भोक असतं, आणि त्यातून मेंदूभोवतीचंच पाणी मध्यकर्णात येतं. साधी सर्दी, कान दुखणं, आणि मग मेंदूज्वर. बरं झालं की पुन्हा मेंदूज्वर. इथे रिकीब काढून आतली पोकळी स्नायूच्या तुकड्यांनी गच्च भरून टाकावी लागते. त्या कानाने ऐकायची आशा आधीच संपलेली असते. वाचवायचा असतो तो जीव.

उरला तो थेंब ओळखायचा प्रश्न. मेंदूभोवतीच्या पाण्यात आढळणाऱ्या बीटा-२ ट्रान्सफेरिन या प्रथिनाची चाचणी १९९० च्या दशकात करून बघितली, पण एवढ्याशा पेरिलिम्फसाठी ती भरवशाची ठरली नाही. जपानचे तेत्सुओ इकेझोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर वेगळी वाट धरली. कोक्लिन या अंतर्कर्णातल्या प्रथिनाचा एक तुकडा पेरिलिम्फमध्ये सापडतो, पण रक्तात, लाळेत किंवा मेंदूभोवतीच्या पाण्यात सापडत नाही, हे त्यांनी शोधलं. आता मध्यकर्णात ०.३ मिलिलिटर सलाइन घालून तेच पुन्हा ओढून घेतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. पाणबुडा असो, अपघातातून आलेला असो की काही कारण न सांगता येणारा असो, उत्तर एका आकड्यात येतं. इजेशिवाय बहिरे झालेल्यांच्या धुवणातही काहींमध्ये ते प्रथिन सापडलं आहे, बहुतेकांमध्ये सापडलेलं नाही.